थांबा, माझं बोलून व्हायचंय

"काकवी म्हण. म्हण, मग देतो."

गुऱ्हाळाचे मालक खाटेवर बसलेले. हातात पितळेची वाटी, वाटीत गरम काकवी, वर वाफ. भोवती त्यांचे पाहुणे. मी समोर उभी, परकराला उसाच्या चिपाडाचा भुसा चिकटलेला. दहा-अकरा वर्षांची असेन.

"क... क... क..."

"आली, आली! गाडी चढावर आली!"

हशा.

"क... का... क..."

"आरं ढकला की कुणीतरी!"

पुन्हा हशा. एक पाहुणा हसून हसून चिपाडाच्या ढिगावर आडवा झाला. शेवटी शब्द निघाला. निघाला म्हणजे काय, ठसका लागल्यासारखा बाहेर पडला. मालकांनी वाटी पुढं केली.

"घे. कमावलीस."

मी वाटी घेतली नि चुलवाणापाशी आईकडं गेले. आई तिथं रसाच्या काहिलीखाली जाळ घालायची, दिवसभर, तोंड तांबडंलाल करून. तिनं वाटी पदराखाली झाकली. संध्याकाळी भाकरीला तेवढंच गोड. धाकटी बहीण बोटं चाटत बसायची.

हे एकदा झालं असतं तर विसरले असते. पाहुणे आले की व्हायचं. नि गुऱ्हाळावर पाहुणे कधी नसतात?

आता आम्ही तिथं कसे पोचलो ते सांगते. आम्ही आटपाडीकडच्या कोरड्या रानातले. मेंढरं राखणारी माणसं. बहात्तरच्या दुष्काळात पाणी गेलं, चारा गेला. बाप उरलीसुरली मेंढरं घेऊन घाटाकडं निघून गेला. आई आम्हां दोघी बहिणींना घेऊन पलूसकडं आली. तिकडं नदीचं पाणी, ऊस, हिरवंगार. मालकांनी गुऱ्हाळाच्या कडेला पाल्याची खोपी दिली. आईला काम दिलं. उपकारच म्हणायचे, आणि ते म्हणायचेही. दर दोन दिवसांनी.

आईनं मला तिथल्या शाळेत चौथीत घातलं. गावाकडं तिसरी झाली होती. वाचता झकास यायचं मला. मनातल्या मनात तर घोड्यासारखी पळायचे मी. तोंडातून काढायचं म्हटलं की अडकायचे. क, च, त, प... ही अक्षरं दारात आडवी पडायची.

उपाय का थोडे केले! आईनं जिभेला वेखंड घासलं. पोपटानं टोचलेले पेरू शोधून शोधून खायला घातले. म्हसवडला नेऊन सिद्धनाथाच्या देवळात घंटेवर ओतलेलं पाणी पाजलं. कुणी म्हणालं गार खाऊ नको, कुणी म्हणालं हिला एकदा दचकवा. सगळ्यांनी माझ्या जिभेवर काम केलं. ऐकणाऱ्याच्या कानात काही बिघाड असंल, असं एकाच्याही मनात आलं नाही.

शाळेत पाळीपाळीनं वाचन असायचं. माझी पाळी आली की गुरुजी म्हणायचे, "तू बस खाली. वेळ जातो."

एवढंच. मारलं नाही कधी. शिवी दिली नाही. वेळ जातो. आणि पुढच्या मुलीला उठवायचे. मी उठायचे नि बसायचे. पुढं पुढं तर उठणंही सोडलं. बोट ओळीवर ठेवून नुसती ऐकायचे, नि पुढची मुलगी चुकली की माझा जीव तडफडायचा. वाचता येत असून गप्प बसायचं म्हणजे काय असतं, हे ज्याचं त्यालाच कळतं.

गल्लीतली पोरं मागनं ओरडायची, "बें बें! मेंढरात राहून मेंढरू झाली!" त्यांना मी धोंडा मारायचे. त्याचं काही वाटायचं नाही. पण "वेळ जातो" याला धोंडा कुठं मारायचा?

मग शाळा तपासायला साहेब येणार असं ठरलं. आदल्या दिवशी गुरुजींनी मला बाहेर बोलावलं.

"उद्या तू येऊ नको हं. साहेब कुणालाही उठवतात. तुला उठवलं तर सगळ्या वर्गाची शोभा व्हायची."

मी म्हणायला गेले की मला येतं वाचता. "म... म..." तेवढ्यात ते म्हणाले, "हो हो, कळलं. जा आता." काय कळलं त्यांना, देव जाणे.

आईला सांगितलं तर ती म्हणाली, "बरं झालं. उद्या चिपाडं आवराय हात मिळंल मला."

दुसऱ्या दिवशी मी गुऱ्हाळावर चिपाडं पसरत होते. दुपार कलली आणि बघते तर काय, मालक, गुरुजी आणि साहेब असे तिघं बांधावरनं येतायत. तपासणी झाली होती. साहेबांना रस पाजायला, गुळाची ढेप द्यायला आणलं होतं. खाट टाकली, वर चादर अंथरली. साहेब बसले. आणखी चार माणसं गोळा झाली.

मी ढिगाआड सरकले. मालकांनी हाक मारलीच.

"ए पोरी! हिकडं ये. सायबास्नी गंमत दाखवू."

गुरुजींनी मला बघितलं आणि मान फिरवली. काहिलीकडं बघत राहिले, जसं काय आयुष्यात गूळ पाहिला नव्हता.

मालकांच्या हातात तीच वाटी.

"म्हण. काकवी म्हण."

आई चुलवाणापाशी उठून उभी राहिली होती. तिथनंच हळूच म्हणाली, "म्हण की ल्येकी. झटक्यासरशी म्हणून टाक."

आणि त्या वेळी, बरं का, माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं. शाळेत या माणसांना माझं बोलणं ऐकायला वेळ नव्हता. आता खाट टाकून, चादर अंथरून बसलेत. वाचायला उठले तर वेळ जातो. हसायला उठवली तर वेळच वेळ. शाळेत लपवली, गुऱ्हाळावर दाखवली. मुलगी तीच. जीभ तीच.

मी म्हणाले, "न्हाई."

हा एक शब्द माझा कधी अडकला नाही. आजपण अडकत नाही.

मालक हसले. "न्हाई काय? काकवी नको?"

मी साहेबांकडं वळले. "सायेब, मी च... च... च..."

"च्या! च्या पायजे तिला!" कुणीतरी ओरडलं. हशा.

"न्हाई. मी च... चौ..."

"चवळी? चपला?"

"न्हाई. थ... थांबा."

मानेच्या शिरा ताठ, डोळ्यांत पाणी, तोंडातून थुंकी उडत होती. सगळं दिसत होतं त्यांना. दिसू दे म्हटलं. दर वेळी कुणीतरी माझा शब्द उचलायचा, मी नाही म्हणायचे, आणि वाक्य पुन्हा पहिल्यापासून धरायचे. हळूहळू हसणं विरलं. हसायलाही दम लागतो की. माझा दम जास्त निघाला.

"सायेब, मी चौथीत हाय. मला वाचता येतंय. गुर्जीनी आज मला घरी ठिवलं."

झालं. पूर्ण झालं. आयुष्यातलं माझं पहिलं पूर्ण वाक्य, चार माणसांत, माझं मी संपवलेलं.

आता तुम्हाला वाटत असेल साहेब उठले असतील, गुरुजींना बोलले असतील, माझ्या डोक्यावर हात ठेवला असेल. छे. साहेबांनी रुमालानं मिशा पुसल्या. म्हणाले, "बरं, बरं." मग मालकांकडं वळून म्हणाले, "गूळ मात्र रंगाला झकास आलाय हं यंदा."

पाहुणे गेले तशी मालकांनी आईला बोलावलं. "तुझी पोर लय बोलाय लागली. खोपी मोकळी कर."

आईनं मला बडवलं. चिपाडाच्या दांड्यानं. "एका वाक्यापायी घर घालीवलंस!" असं म्हणत मारत होती आणि मारता मारता स्वतःच रडत होती. मी तिला दोष देत नाही. दोन पोरी, नवरा परमुलखात, डोक्यावर पाल्याचं छप्पर होतं तेही गेलं. पण मी एकदाही म्हटलं नाही की चुकले. आजही म्हणत नाही. त्या वाक्यासाठी आम्ही घर दिलंय. आता ते वाक्य कुणाच्या बापाला उचलू देणार नाही.

आम्ही परत कोरड्या रानात आलो. माझी शाळा तिथंच तुटली. पुढचं वाचन मी माझं मीच केलं, मिळेल ते, जमेल तसं. गावातली दोन-चार पोरं मिलिट्रीत होती. त्यांची पत्रं यायची आणि त्यांच्या बायकांना वाचता यायचं नाही. त्या माझ्याकडं यायच्या. मी वाचायचे, "आमची ब... ब..." आणि त्या थांबायच्या. कुणी मधे शब्द घालायचं नाही. घालणार कसा? पुढं काय लिहिलंय ते कुणालाच ठाऊक नसायचं. बदली की बढती, की बरं नाही म्हणून दवाखान्यात? श्वास धरून बसायच्या. एकजण तर माझा हात घट्ट धरून म्हणायची, "दमानं वाच गं बाई, मला काय घाई न्हाई."

तेव्हा मला कळलं, आणि कळलं तसा संतापही आला. माणसाला थांबता येतं. सगळ्यांना येतं. गरज असली की बरोब्बर येतं. म्हणजे त्या शाळेत वेळ नव्हता हे खोटं. माझी गरज नव्हती, हे खरं.

त्यानंतर माझ्या ओसरीवर पोरं बसायला लागली. अडखळणारी, बोबडी, उशिरा बोलणारी. मी कुणाची जीभ दुरुस्त करत नाही. माझीच झाली नाही. माझ्याकडं नियम एकच, कुणी कुणाचा शब्द संपवायचा नाही. एक मुलगी जतच्या पलीकडची, घरात सगळं कानडी. शाळेत तिला मुकी म्हणायचे. माझ्याकडं आली तेव्हा रांजणाकडं बोट करून म्हणाली, "नीरु." मी म्हणाले, "प... पाणी." ती थांबली माझ्यासाठी. मुकी म्हणे! दोन भाषा पोटात आणि त्यांना एक ऐकू येईना.

काल आमच्या गावचे गुरुजी ओसरीवर आले. तरुण, भला माणूस. म्हणाले, "मावशी, उद्या तपासणी आहे. त्या कानडी मुलीला तुमच्याकडंच ठेवून घ्या. मराठी वाचायला फार वेळ लावते हो."

मी म्हणाले, "न्हाई."

मग पुढचं म्हणायला मला वेळ लागला. त्यांनी एकदा शब्द पुरवायला तोंड उघडलं. मी हात वर केला. ते थांबले.

उद्या मी त्या पोरीचं बोट धरून शाळेत जाणार आहे. तिला पहिल्या रांगेत बसवणार, आणि मी दाराच्या उंबऱ्यावर बसणार. तिची पाळी येईल. ती उठेल. एकेक अक्षर लावत वाचेल. साहेब घड्याळाकडं बघतील. बघू देत. तिची ओळ संपल्याशिवाय त्या दारातून मी कुणाला रसाला जाऊ देणार नाही.