वहिनींची रेघ

मटार निम्मे सोलून झाले होते. दाणे पातेल्यात, टरफलं मांडीवरच्या वर्तमानपत्रात आणि उरलेल्या शेंगा पिशवीत. तेवढ्यात दाराची घंटा वाजली. हात पदराला पुसत दार उघडलं तर एक मुलगी उभी. जाड चष्मा, खांद्याला कापडी पिशवी, बोटं पेन्सिलीने काळी झालेली.

"वहिनी आहेत का? म्हणजे... त्या रेघवाल्या वहिनी?"

हे नाव मला कसं पडलं, ते सांगायचं तर आधी वन्संबद्दल सांगायला हवं.

वन्सं म्हणजे माझ्या यजमानांची धाकटी बहीण. वयाने माझ्याहून मोठ्या, नात्याने धाकट्या. त्या मला वहिनी म्हणतात, मी त्यांना अहोजाहो करते, आणि दोघींचं एका घरात छान चाललंय. लग्न त्यांनी केलं नाही. सव्वीस वर्षं विद्यापीठात गणित शिकवतात. त्यातही दुसरं कोणी हात लावत नाही असा एक तास त्या घेतात. आपल्याला सुटलेलं गणित दुसऱ्याला वाचून कळेल असं लिहायचं कसं, ते मुलांना शिकवायचं. मुलं हुशार असतात पण लिहितात नुसते आकडे आणि बाण, आणि मध्येच "हे उघडच आहे." ते दिसलं की वन्सं म्हणतात, "चोर इथेच लपलाय." यजमान म्हणतात, "हिच्याशी भांडायचीसुद्धा सोय नाही. तू नेहमी असंच करतेस म्हटलं की विचारते, नेहमी म्हणजे किती वेळा?"

नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्यांच्या वर्गाने वर्षभर माना डोलावल्या आणि परीक्षेत कोरे कागद दिले. ते फार लागलं त्यांना. एक दिवस मी भांडी विसळत होते, तर एका विद्यार्थ्याचा कागद घेऊन त्या स्वयंपाकघरात आल्या.

"वहिनी, हे मोठ्याने वाचा."

"अहो, मला काय कळतंय त्यातलं? गणितात मी काठावर पास झालेली."

"म्हणूनच. वाचताना जिथे अडाल तिथे उभी रेघ मारा. कारण सांगू नका."

मी वाचायला लागले. दुसऱ्याच ओळीत थांबले. "हा क कोण? कुठून आला? आधी तर नव्हता."

वन्संनी ओट्यावर थाप मारली. "हेच! चाळीस जणांत एकानेही विचारलं नाही!"

तेव्हापासून दर मंगळवारी कागद घरी येतात. मी मोठ्याने वाचते, अडेन तिथे पेन्सिलीने रेघ मारते. तीनपेक्षा जास्त रेघा आल्या की मुलाने पुन्हा लिहायचं. मला कधी न पाहिलेली मुलं म्हणे एकमेकांना विचारतात, "तुला वहिनींच्या किती?"

सकाळी देवापुढे दिवा, मग पोथीचं वाचन, रात्री या वहीत दिवसाबद्दल चार ओळी लिहिणं, हे माझे नेम. देवाचं आणि वन्संचं काम मी कधी टाळलं नाही, असं मी चारचौघींत सांगायची. आता सांगता येणार नाही.

गेल्या मंगळवारी बावीस कागद आले. चार वाजता प्रार्थनेची बैठक होती, आणि त्या दिवशी सगळ्यांसमोर प्रार्थना वाचायचा मान माझा होता. तीन वाजले तेव्हा माझे दोन कागद झाले होते. मला उशिरा पोचायचं नव्हतं. खरं सांगायचं तर सगळ्याजणी बसल्यावर आत शिरायची लाज वाटत होती. मी पेन्सिल घेतली आणि उरलेल्या वीस कागदांवर न वाचता रेघा ओढल्या. कुणाला एक, कुणाला दोन, एकीला नऊ. खरं वाटावं म्हणून मुद्दाम कमीजास्त. मग हात धुऊन बैठकीला गेले, डोळे मिटून हात जोडले आणि खणखणीत आवाजात वाचलं. त्या रात्रीचं या वहीतलं पान मी आज उघडून पाहिलं. माझ्याच अक्षरात लिहिलंय, "बावीस कागद वाचून झाले. मन प्रसन्न."

नऊ रेघांवाली ती म्हणजे दारात आलेली ही मुलगी. वर्गात तिला सगळे खोडरबर म्हणतात, कागद फाटेपर्यंत खोडते म्हणून. तिने प्लास्टिकच्या पाकिटातून तो कागद काढून माझ्यासमोर ठेवला.

"मी सात वेळा लिहून पाहिलं, वहिनी. प्रत्येक रेघेपाशी थांबून बघितलं. काय अडलं तेच कळेना. मॅडम म्हणाल्या, कारण विचारायचं नाही. पण मला राहवेना. ही पहिली रेघ बघा, 'समजा' या शब्दावर आहे. 'समजा'मध्ये काय अडलं?"

मी त्या रेघेकडे पाहिलं. खरं काय ते आत्ताच सांगायला हवं होतं.

"ते... जरा अचानक आलं," मी म्हणाले.

आणि त्या पोरीने पिशवीतून वही काढून लिहून घेतलं. 'अचानक आलं.' पुढे मान वर करून थांबली, दुसऱ्या रेघेसाठी. मी सांगत गेले. इथे घाई वाटली. इथे जरा जड झालं. नवव्या रेघेपर्यंत माझी थापांची गाडी सरळ रुळावर होती.

"बरं झालं विचारलं," ती म्हणाली. "म्हणजे मला खरंच लिहिता येत नाही. विषय बदलायचा अर्ज भरलाय मी. आज पाचपर्यंत कार्यालयात द्यायचा. गणित येतं हो मला, पण सांगता येत नसेल तर आलं काय नि न आलं काय. तुमच्याइतकं नेमाने कोणी वाचत नाही, असं मॅडम सांगतात. तुम्हालाही नाही कळलं, मग संपलंच."

पाणीसुद्धा न पिता ती गेली. जुना कागद माझ्याकडेच राहिला.

ती जिना उतरल्यावर मी तो वाचला. मोठ्याने, पहिल्या ओळीपासून. विषम संख्येचा वर्ग विषमच असतो, इथून सुरुवात होती. क कोण ते आधी सांगितलं होतं. ख आला तेव्हा त्याचीही ओळख करून दिली होती. प्रत्येक 'म्हणून'च्या आधी कारण होतं. शेवटच्या ओळीपर्यंत मी एकदाही थांबले नाही. माझ्या नऊ रेघा मात्र वाटेत काट्यांसारख्या उभ्या होत्या.

दीड वाजता वन्सं जेवायला आल्या. पर्स खुंटीला लावतात न लावतात तोच मी म्हणाले, "वन्सं, गेल्या मंगळवारचे कागद मी वाचले नाहीत. दोनच वाचले."

"मग रेघा?"

"अंदाजाने."

त्या खुर्चीत बसल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"माना डोलावणारे मला पुष्कळ मिळतात, वहिनी," त्या हळूच म्हणाल्या. "न डोलावणारं माणूस एकच होतं."

मी खोडरबरबद्दल सांगितलं. तिच्या अर्जाचं, आणि आज मारलेल्या नऊ थापांचंही. वन्संनी घड्याळ पाहिलं. "माझा अडीचला तास आहे. तिला चिठ्ठी लिहा. तोंडी सांगाल तर पुन्हा गुळमुळीत बोलाल."

मी लिहिलं, "काही कारणाने तुझ्या कागदावर चुकीच्या रेघा आल्या. वाईट वाटून घेऊ नकोस." वन्संनी वाचलं, पेन्सिल उचलली आणि दोन उभ्या रेघा मारल्या. एक 'काही कारणाने'वर, एक 'आल्या'वर.

"इथे अडले," त्या म्हणाल्या. "कारण कोणतं? आणि आल्या म्हणजे काय, आकाशातून पडल्या?"

कानापर्यंत तापले मी. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कागदावर मारलेली ती रेघ अंगावर कशी येते, ते तेव्हा कळलं. दुसरा कागद घेतला. "मला प्रार्थनेला वेळेवर पोचायचं होतं. म्हणून तुझा कागद न वाचता मी नऊ रेघा ओढल्या. आज तू विचारलंस तेव्हा नऊही कारणं मी रचून सांगितली. तू गेल्यावर कागद वाचला. कुठेही अडले नाही. अर्ज देऊ नकोस."

वन्संनी तो सावकाश वाचला. पेन्सिल खालीच ठेवली.

"उरलेल्या एकोणीस जणांना उद्या वर्गात सांगायचं," त्या म्हणाल्या. "मी नाही. तुम्ही."

"वर्गात? सगळ्यांसमोर?"

"त्यांच्या रेघा सगळ्यांसमोरच मोजल्या जातात."

त्या दोन घास खाऊन तासाला गेल्या. मी वहीतल्या त्या मंगळवारच्या पानावरचं 'बावीस' खोडून 'दोन' केलं. 'मन प्रसन्न'चं काय करावं ते सुचेना, म्हणून ते तसंच ठेवलं. मटाराची पिशवी पातेल्याशेजारी सरकवली, चपला घातल्या. पाचच्या आत विद्यापीठाच्या कार्यालयापाशी जाऊन ती चिठ्ठी त्या मुलीच्या हातात द्यायची होती.