माझा खोटा सोमवार

मी सोमवारचा उपास आयुष्यात कधीच केलेला नाही.

आज हे लिहिते आहे, कारण जिला सांगायचं होतं ती सुंदराबाई मागच्या सोमवारी गेली.

चार वर्षांमागची गोष्ट. पॅसेंजरने अमरावतीहून अकोल्याला, माहेरी निघाले होते. मूर्तिजापूरच्या अलीकडच्या एका लहान स्टेशनात गाडी थांबली. पुढे रुळांवर पाणी. नाल्याला पूर, म्हणून एसटीही बंद.

स्टेशनाबाहेर घिसाड्यांचं बिऱ्हाड उतरलेलं. गावोगाव फिरून विळे-कुऱ्हाडी करणारी माणसं. साठीची सुंदराबाई लोखंडावर घन मारत होती. मला एकटीला पाहून ओरडली,

"तिथं काहून बसून राहिली वं बाई? इकडं ये, पालात!"

मुक्काम तिथेच पडला.

ज्वारीची भाकर आणि ठेचा पुढे आला. मी म्हटलं, "माझा सोमवारचा उपास आहे."

वार सोमवार होता, तेवढं खरं. मला त्यांच्या हातचं खायचं नव्हतं. अस्वच्छता वगैरे कारणं मी नंतर शोधली. आडवी आली ती जात. लिहायलाही लाज वाटते.

"अवं माय, मंग आधी नाई का सांगत!"

आणि ती बाई चिखल तुडवत गावात गेली. केळी घेऊन आली. बकरीचं दूध नातीसाठी ठेवलं होतं, तेही माझ्यापुढे ठेवलं.

सून चंदाने पोरीला उचलून पालाबाहेर नेलं. पोरगी रडत होती.

मी दूध प्याले.

त्यानंतर बिऱ्हाड परतवाड्याला असो की नांदगाव पेठेला, दर सोमवारी चंदाच्या मोबाइलवरून सुंदराबाईचा फोन.

"बाई, फराळ केला का?"

"हो माय, केला." समोर ऑफिसचा डबा, त्यात पोळी-भाजी.

एकदा हसत म्हणाली, "तुयं पाहून मीबी सोमवार धरला. शिकलेली बाई करते, मंग आपुन काहून नाई?"

तेव्हा सांगायला हवं होतं. भेटल्यावर सांगू म्हणून गिळलं. वा रे मी!

मागच्या सोमवारी, अकोल्याजवळ, भर उन्हात घन मारता मारता ती पडली. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

"सकाळपासून पोटात काई नव्हतं," चंदा फोनवर म्हणाली.

ऊन लागलं की उपास भोवला, कोण सांगणार? मला आठवडाभर झोप नाही.

आज भेटायला गेले. चंदाने माझ्यापुढे केळी ठेवली.

"सोमवार हाय ना तुमचा. मायचा सोमवार आता मी धरीन."

मी केळी बाजूला सारली. मग सगळं सांगून टाकलं. त्या दुधासकट.

ती उठून विझलेल्या भट्टीतली राख उकरू लागली. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"तू नको धरू गं," मी म्हटलं. "मला भाकर दे."

तिने केळी उचलून पोरीच्या हातात दिली. मला भाकर वाढली, वर ठेचा.

खाल्ली. चांगली होती. तेव्हाही चांगलीच असणार.

माय, तुझ्या हातची मात्र राहिली.