खिशात कांदा, अंगात रेनकोट

डॉक्टरनं मायावाली लघवीची डबी खिडकीच्या उजेडात धरली. आतलं पानी थेट कोल्ड्रिंकच्या रंगाचं.

"काय करून आलात?"

"धावून आलो, साहेब."

"कोणाच्या मागे?"

"पोटाच्या. ते पुढं होतं, मी मागं."

डॉक्टर हसला नाही, तवा मले भेव वाटलं. म्हने, "ऱ्हॅब्डोमायोलिसिस आहे." हे नाव मले अजूनही धड घेता येत नाही. मतलब असा, का भर उन्हात अंग लय रगडलं तर आतलं मांस फुटते, त्याचा कचरा रक्तात उतरते आन् किडनी चोक होते. घरची नाली चोक होते तशी.

मले पहिले मायी पोट्टी आठवली. प्रणाली पोलीस भरतीची तयारी करून राहिली. ग्राउंडवर सकाई अंधारच असते, बाइकवाले पोट्टे शिट्ट्या मारतेत. म्हनून तिच्या आईची एकच अट, बाप सोबत धावन तरच जायचं. मी पडलो का तिचं ग्राउंड बंद.

थंडीभर आम्ही गेलोच नाही. ती अंगनात दोरीवर उड्या मारे, मी रजईतून मोजो. होळी झाली आन् पुन्हा सुरू केलं. पहिल्याच दिवशी पहिल्याच वळनावर मायी हवा गेली. एक पोट्टा म्हने, "काका, ऍम्बुलन्स बोलावू का?" प्रणाली मायापासून जरा दूर धावू लागली.

मी ऑटो चालवतो. स्टँडवरच्या गड्यानं अक्कल देली, "रेनकोट घालून धाव गा. चरबी तुपावानी वितयते." मले पटलं. दुसऱ्या दिवशी तर्री पोहा हानला आन् भर दुपारी, कोनी हसाले नाही अशा टाइमाले, रेनकोट चढवून ग्राउंडवर गेलो. पानी पेलो नाही, वजन वाढन म्हनून. उन्हाचं भेव नव्हतं, खिशात कांदा होता ना. आमच्याकडं उन्हात निघालं का माय खिशात कांदा टाकते, कांदा ऊन ओढून घेते म्हन्तेत. मी तर दोन टाकले. दोन खिसे, दोन कांदे.

कांदे टिकले. मी झाडाखाली आडवा झालो आन् तर्री पोहा वापस आला. तोंड खाली, गळ्याशी रेनकोट उघडा, सारं आतच गेलं. कोनीतरी मायाच ऑटोत टाकून दवाखान्यात आनलं. सिस्टरनं कैचीनं रेनकोट कापला आन् तोंड फिरवलं. मले सोताचाच वास सहन होत नव्हता, तिले काय सांगू.

मंग सलाईनवर सलाईन. खालून नळी टाकली, कॅथेटर म्हन्तेत त्याले. लघवी आपोआप पलंगाच्या बाजूच्या थैलीत जमा होते, येनारे पाहुने पहिले थैली पाहतेत, मंग तोंड. रोज क्रिएटिनिनसाठी रक्त काढत. किडनी कचरा साफ करून राहिली का नाही, ते त्यात कळते. डॉक्टर म्हने, "वाढत गेलं तर डायलिसिस." मतलब मशीननं रक्त धुवायचं.

ते वाढत होतं. त्यात वॉर्डात सडका वास सुटला. मी बाजूच्या बुढ्याकडं बोट दाखवलं. बिचाऱ्याची चादर दोनदा बदलली. शेवटी सिस्टरनं माया पलंगाखालच्या कपड्याच्या पिशवीतून दोन्ही कांदे काढले, घामात भिजून लिबलिबे झालेले. बुढ्यानं मायाकडं पाहिलं, मी थैलीकडं.

बायको म्हने, "जन्मात एक वस्तू जपून नेली, ते बी सडवली."

प्रणाली दुपारी यायची, पलंगाजवळ बसायची. मी बायकोले म्हनलो, "पोरीले ग्राउंडवर जाऊ दे वं."

"कोनासोबत? या थैलीसोबत?"

लाज वाटाची ते तेव्हा वाटली, उलटीच्या टाइमाले नाही.

दुसऱ्या सकाई बायको टाइमावर आलीच नाही. उशिरा आली ते पायाले धूळ लागलेली, साडी खोचलेली. म्हने, "गेलो होतो दोघी. मी चालली, ती धावली. त्या शिट्टीवाल्याले चप्पल दाखवली."

थैलीतला रंग कोल्ड्रिंकचा चहावर आला, चहाचा सरबतावर. क्रिएटिनिन उतरलं. मशीन लागली नाही.

सुट्टी देताना डॉक्टरनं सांगितलं ते तुम्हाले बी सांगतो, कारन उन्हायाच्या तोंडावर पुन्हा धावायची हुक्की तुम्हालेही येईन. पहिले नुसतं चाला. मंग थोडं धावा, थोडं चाला. ऊन चढायच्या आत घरी. अंगाले गरमीची सवय हळूहळू होते. पानी पेत राहा. चक्कर आली, लघवी काळपट दिसली, का सीधा दवाखाना. रेनकोट पावसाले ठेवा.

मी विचारलं, "आन् कांदा, साहेब?"

"पोह्यावर घाला."

आता आम्ही तिघंही जातो. पुढं प्रणाली, मंग बायको, सगळ्यात मागं मी, बाटल्या घेऊन. पोट्टे अजूनही हसतेत. हसू द्या.

लोक सकाई उठून देवाले हात जोडतेत. मी संडासात वाकून रंग पाहतो आन् कमोडले हात जोडतो. भायेरून बायको विचारते, "कसा आहे?"

"साफ."

मंग प्रणाली बुटाची लेस बांधते.