बुटाची नाडी

२००९ला दुबईतली नोकरी गेली. घरी न सांगता मी रोज टाय लावून डिस्कव्हरी गार्डन्सच्या बस स्टॉपवर बसायचो. तिथे एकदा शेजारी एक केनियन बाई बसली. केनियात गावोगावी तरुण पोरांच्या मनाच्या आरोग्यावर संशोधन करायची.

"प्रश्न विचारला की मी वाकून बुटाची नाडी बांधत बसते," ती हसत म्हणाली. "डोळ्यांत बघितलं तर सांगायचे नाहीत, पुरुष ना! मी मान खाली घातली की भडाभडा बोलतात."

मग वाकून नाडीशी खेळत म्हणाली, "तुमच्या तीन बस गेल्या. जायचंय कुठे?"

मी सगळं सांगून टाकलं. दोघंही पोट धरून हसलो.

घरी बायको मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "ऑफिसात सगळं ठीक ना?"

मला हसूच फुटलं. टाय काढून मेथीपाशी बसलो आणि बोलत सुटलो.