ऑक्सिजनवाले चाचा

चाचा घरात शिरले, की आधी सिलिंडरवर बोटाच्या पेरानं टकटक करायचे आणि कान लावायचे. वर दाब दाखवणारा काटा असायचा. "तो बघा की," म्हटलं, तर म्हणायचे, "काटा थापा मारतोय सर. लोखंड न्हाय मारत."

कोल्हापुरात घरोघरी ऑक्सिजन पोचवणारा हा माणूस. साठी ओलांडलेली, पांढरी दाढी, आवाज मात्र दोन गल्ल्यांना पुरेल असा. आणि माझं डोकं असं, की चमचा पडला तरी अंगावर धावून जावं.

मला क्लस्टर हेडेक. साधी डोकेदुखी म्हणू नका, मला राग येतो. रोज दुपारी सव्वातीनला उजव्या डोळ्यामागं कुणीतरी तापलेली सळई खुपसायचं. एकदा गणित शिकवताना मी फळ्यावर डोकं आपटून घेतलं. सातवीची पोरं रडायला लागली. तेव्हापासून रजेवर होतो. पुन्हा वर्गात उभं राहता येईल का, एवढाच प्रश्न उरला होता. डॉक्टर म्हणाले, कळ सुरू होताच मिनिटाला पंधरा लिटर शुद्ध ऑक्सिजन घ्या, घरीच.

चाचांनी सिलिंडर आणून ठेवला आणि बाकीचं सामान आणायला खाली गेले. तेवढ्यात बायकोनं घरचा रिवाज पाळला. आमच्याकडे स्कूटर येवो नाहीतर मिक्सर, आधी पूजा! सिलिंडरला हळदकुंकू, झेंडूचं फूल, पुढ्यात निरांजन आणि उदबत्ती.

चाचा दारातनंच ओरडले, "वैनी! दिवा इजवा आदी! ऑक्सिजन हाय ह्यो, ठिणगीचा वणवा हुतोय!"

बायको रडवेली झाली. तसे चाचा लगेच मऊ झाले. "फूल ऱ्हाऊ दे. कुक्कूबी ऱ्हाऊ दे. खरं आग न्हाय." मग मोर्चा माझ्याकडे. "कपाळाला काय, बाम? पुसा त्यो. तेलकट कायबी चालत न्हाय."

पहिल्या दिवशी कप्पाळ उपयोग झाला. मी मास्क लावून खोलीभर येरझाऱ्या घातल्या, तासभर सोसलं आणि मास्क भिंतीवर फेकला. चाचांना फोन करून नको ते बोललो. आज त्याची लाज वाटते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"चूक माझी हाय सर. दम्याच्या माणसाला दोन लिटर लागतंय, मी त्योच अंदाज धरला. तुमची चिठ्ठी नीट वाचलीच न्हाय. मीटर दहाच्या वर जात न्हाय, आन् मास्कबी साधाच दिला."

दुसऱ्या दिवशी पंधराचं मीटर आणि पिशवीचा मास्क घेऊन तीनलाच हजर. "मी बसतोय हितं. कसं येतंय बगूच."

आलं. चाचांनी मला पुढं वाकवून बसवलं, मीटर पंधरावर नेलं. पिशवी फुगत होती, मिटत होती. आठ मिनिटं झाली. मी मांडीवर मुठी आपटत होतो आणि चाचांचा हात माझ्या पाठीवर होता. बाराव्या मिनिटाला कळ मागं सरली. खरंच सरली हो! मी मास्क काढला आणि म्हटलं, "चहा टाक गं."

"थांबा वैनी, कॉक बंद करू दे आदी!" चाचा ओरडले आणि कॉक फिरवून मटकन खाली बसले. डोळे भरले होते. "लई वर्सं सिलिंडर देतोय सर. परत न्यायला गेलो की बहुतेक घरात भितीवर हार घातलेला फोटू असतोय. सिलिंडर लावून माणूस उठला आन् च्या मागाय लागला, ह्ये आज पयल्यांदा बगितलं."

मुख्याध्यापकांनी शिक्षकांच्या खोलीत एक लहान सिलिंडर ठेवू दिला. तोही चाचांनीच जोडला. नंतर गुडघ्यांनी दगा दिला आणि ते हातकणंगल्याला लेकीकडे गेले. आता सिलिंडर दुसराच माणूस आणतो, मुकाट ठेवतो, जातो. मला करमत नाही.

परवा त्यांचा फोन आला. "सर, कुठं हायसा?"

"वर्गात, चाचा."

पलीकडनं तोच दोन गल्ल्यांना पुरेल असा आवाज आला. "मग ठेवा की फोन! पोरं खोळंबल्यात."