शुद्धीत उतरलेली विहीर

वऱ्हाड नव्या महाराष्ट्रात येऊन फार काळ झाला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. देव ऐकतो की नाही, हा विचार करणंच मी त्या दिवसांत सोडून दिलं होतं. सोमवार केले, नवस बोलले, दर्ग्यावर चादर चढवली, एका बाबाकडून मंतरलेला दोरा आणून यांच्या दंडाला बांधला. यांनी स्वतः सासूबाईंच्या डोक्यावर हात ठेवून शपथा घेतल्या. शपथ घेताना डोळ्यांत खरंच पाणी असायचं, आणि पोळ्याच्या नाहीतर बाजाराच्या दिवशी ती शपथ मोडायची. शेवटी शेवटी तर मला त्या शपथांचीच चीड येऊ लागली.

माझे मालक विहिरीत सुरुंग लावायचे. आमच्या जानेफळकडे वर माती आणि खाली काळा कातळ. काही हात खाली गेलं की कुदळ चालत नाही. मग दोरीने तळाशी उतरायचं, घण मारून पहारीने कातळात भोकं पाडायची, त्यांत बारूद ठासायची, वात पेटवायची आणि ती जळत खाली पोचायच्या आत दोरीने वर यायचं. हे काम जिवावरचं. पण ते करावं तर यांनीच, असं आजूबाजूच्या गावांत म्हणत. लोक यांना नावाने हाक मारतच नसत, मिस्तरी म्हणत. 'मिस्तरीले भेव काय ते ठाऊकच नाही,' असं बायाही पाणवठ्यावर बोलायच्या, आणि नवी लग्न होऊन आलेली मी ते ऐकून ताठ चालायचे.

विहिरीवरची सगळीच माणसं प्यायची. दारूबंदी होती, पण मोहाची दारू नाल्यापलीकडे हमखास मिळे. उतरण्याआधी घोटभर घ्यायचा, अशी रीतच पडली होती. यांचा घोटभर वाढत गेला. मग उतरायचं नसलं तरी लागू लागली. मग सकाळी उठल्याबरोबर लागू लागली, कारण त्याशिवाय हात थांबत नसत. ज्या माणसाने वात पेटवायची त्याचाच हात कापतो म्हटल्यावर कामं येईनाशी झाली. मी दुसऱ्यांच्या शेतात निंदायला जायची आणि घरी आल्यावर सासूबाई आणि मी एकमेकींशी न बोलता चूल पेटवायचो.

एका उन्हाळ्यात यांना ताप भरला आणि उलटीतून रक्त पडलं. मेहकरच्या सरकारी डॉक्टरला दाखवावं म्हणून आम्ही दोघं पायी निघालो, आणि अर्ध्या वाटेत हे बाभळीखाली कोसळले. मी पदराने वारा घालत बसले. एक खासर थांबलं. गाडीवान उतरला, जवळ आला, वास येताच मागे सरला. "पेला हाय हा," एवढंच म्हणून त्याने बैल हाकले. त्यानंतरच्यांनी थांबायचीही तसदी घेतली नाही. मी कोणत्याच देवाचं नाव घेतलं नाही. नुसती म्हणाले, 'आता तुला काय करायचं ते कर.' कोणाला म्हणाले ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

थोड्या वेळाने एक लहानशी दमणी आली. बैलांचा कासरा एका म्हाताऱ्या बाईच्या हातात होता. पांढरं लुगडं, कपाळ मोकळं, पायांत पुरुषी वहाणा. बाई एकटी गाडी हाकते हे पाहूनच मी चकित झाले. त्या रूथबाई. मिशनच्या दवाखान्यात रोग्यांची सेवा करायच्या आणि गावोगाव जाऊन बायांना येशूच्या गोष्टी सांगायच्या, हे मला पुढे कळलं.

"काय झालं वं बाई?" त्यांनी विचारलं.

"ताप आला जी," मी म्हणाले.

त्या खाली उतरल्या, यांच्या तोंडाजवळ वाकल्या. आता ह्याही जाणार, असं मला वाटलं.

"ताप बी हाय अन् दारू बी हाय," त्या म्हणाल्या. "तू पाय धर. आपण दोघी उचलू."

मेहकरला न जाता त्यांनी दमणी सरळ मिशनच्या दवाखान्याकडे वळवली. तिथल्या डॉक्टरांनी औषध दिलं, रक्त थांबलं. पण खरी झुंज पुढे होती. दारू अंगातून निघू लागली तसं यांना कापरं भरलं. घामाने गोधडी भिजायची. भरदुपारी खाटेवर उठून बसायचे आणि म्हणायचे, "भिंती जवळ येऊन राह्यल्या, दोर सोडा, दोर सोडा!" मी घाबरून व्हरांड्यात पळायची. रूथबाई मात्र खाटेजवळच बसायच्या. यांचा हात हातात धरून हळू आवाजात प्रार्थना करायच्या. त्या प्रार्थनेत मोठे शब्द नव्हते. शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तशा बोलायच्या.

कापरं उतरल्यावर एका संध्याकाळी यांनी नेहमीप्रमाणे हात पुढे केला. "बाई, तुमच्या देवाची शपथ, आता थेंबाले शिवनार नाही."

रूथबाईंनी तो हात धरून परत गोधडीवर ठेवला. "शपथ नको भाऊ. तुह्या शपथा तुह्याच बळावर उभ्या होत्या, म्हणून पडल्या. मले फक्त सांग, पेतं काऊन?"

यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. मग जे बोलले ते मी इतक्या वर्षांच्या संसारात ऐकलं नव्हतं.

"मले भेव लागते," हे म्हणाले. "ज्यायनं मले काम शिकवलं ते उस्ताद माह्या डोळ्यांदेखत गेले. वात लवकर जळली. मी वर होतो, दोर माह्याच हातात होता. तवापासून खाली पाह्यलं का तेच दिसते. पेल्याशिवाय पाय दोरीवर ठेवताच येत नाही. अन् हे कोनाले सांगू? लोक मले मिस्तरी म्हनतात."

मी दाराशी उभी होते. ज्या धीटपणाचा मी तोरा मिरवला, तो बाटलीतला होता. पण मला राग आला नाही. ह्या माणसाने एवढं ओझं एकट्याने वाहिलं, याचंच रडू आलं.

रूथबाईंनी उपदेश केला नाही. एक गोष्ट सांगितली. प्रभू येशूला मरण समोर दिसत होतं, तेव्हा तो एका बागेत जाऊन जमिनीवर पालथा पडला. त्याला घाम फुटला. हे माझ्यावरून टळो, असं तो बापाला म्हणाला. "त्यालेबी भेव लागलं होतं भाऊ," त्या म्हणाल्या. "त्यानं ते लपवलं नाही. बापाले सांगतलं, अन् मंग उठून गेला. तूबी सांग. भेव देवाजवळ सांगतलं का ते बाटलीत बुडवा लागत नाही."

हे लहान मुलासारखे हुंदके देऊन रडले. मग यांनी आयुष्यात पहिल्यांदा देवाकडे काही मागितलं नाही, नुसतं खरं सांगितलं. काय सांगितलं ते यांचं आणि प्रभूचं. मी फक्त त्यानंतरचा यांचा चेहरा पाहिला. दिवसभर ओझं वाहून आलेल्या हमालाने पोतं खाली ठेवल्यावर त्याचा चेहरा असतो, तसा तो होता.

सगळं तिथेच सरळ झालं असं मी म्हणणार नाही. घरी आल्यावर पोळ्याला जुन्या मंडळींनी आग्रह केला आणि हे प्यायले. पण दुसऱ्या दिवशी लपून बसले नाहीत. चालत रूथबाईंकडे गेले आणि जे झालं ते सांगितलं. त्यांनी आधी भाकरी वाढली, मग दोघांनी प्रार्थना केली. त्यानंतर यांनी दारूला हात लावला नाही. आम्ही दोघांनी प्रभूचा बाप्तिस्मा घेतला तेव्हा भावकीने बोलणं टाकलं. सासूबाईंनी आपले देव्हाऱ्यातले देव धरून ठेवले, आमची प्रार्थना चालू असली की त्या उठून अंगणात जायच्या. आम्ही त्यांना कधी अडवलं नाही.

लोकांची चेष्टा मात्र चालूच होती. "दारू सुटली, पन मिस्तरीबी सुटला," असं किसन म्हणायचा. किसन हा यांचा जुना जोडीदार. आता सुरुंगाचं काम तोच करायचा, आणि हे त्याच्या हाताखाली वर दोर धरायचे. न पिता उतरण्याची यांची अजून हिंमत होत नव्हती, आणि यांनी ती आहे असं सोंगही आणलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात गावाच्या पिण्याच्या पाण्याची विहीर खोल करायचं काम निघालं. मी डोक्यावर दगडमातीच्या टोपल्या वाहायला होते, म्हणून जे झालं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. एक सुरुंग उडाला, दुसरा उडालाच नाही. अशा वेळी बराच काळ थांबायचं असतं. किसन प्यायलेला होता. तो कोणाचं न ऐकता दोरीला लोंबकळला, त्याचा हात सुटला आणि तो तळाशी पडला. पाय मोडला. खालून त्याची किंकाळी आली, आणि मग शब्द आले, "वात धुपून राह्यली रे! मले काढा!"

काठावरची माणसं मागे सरकली. कोणीतरी बाटली पुढे केली आणि यांना म्हणालं, "घे मिस्तरी. दोन घोट मार अन् जाय. तुह्याशिवाय कोन जाईन?"

मी डोक्यावरची टोपली खाली टाकली. यांनी बाटली घेतली असती तर त्या घडीला मीसुद्धा दोष दिला नसता. यांनी ती हाताने बाजूला केली. मग सगळ्या गावासमोर, पाटलांसमोर, ज्यांनी यांना निडर म्हटलं त्या सगळ्यांसमोर म्हणाले, "मले भेव लागून राह्यलं. लय भेव लागून राह्यलं." कोणी हसलं नाही. यांनी डोळे मिटले, ओठ हलले. मग पाण्याची कळशी कमरेला बांधली आणि दोरीवर पाय ठेवला.

मी वाकून पाहत होते. तळाशी पोचल्याबरोबर यांनी ती कळशी त्या भोकात रिती केली आणि ओल्या हाताने वात उपटून काढली. धूर निघाला आणि विरला. किसनला पाठीशी बांधलं, दोर हलवला, आम्ही बायांनीसुद्धा दोर ओढला. वर आल्यावर यांनी दोन्ही हात माझ्यासमोर धरले. म्हणाले, "पाह्य." ते हात कापत नव्हते.

ती वात आणखी किती जळली असती, की आपोआप विझलीच असती, हे मला ठाऊक नाही. कोणी चमत्कार म्हणतं, कोणी नशीब. मी वाद घालत नाही. मला जे दिसलं ते एवढंच, की घाबरलेला माणूस शुद्धीत खाली उतरला आणि दुसऱ्याचा जीव वाचवून वर आला. त्यानंतर कामं आपणहून येऊ लागली. 'न पिणारा मिस्तरी' असं म्हणून लोक पार खामगावकडून बोलवायला येत. सासूबाई बाजारात कोणी विचारलं नाही तरी सांगायच्या, "माहा लेक शुद्धीत उतरते, बरं!"

माझंही एक ओझं उतरायचं राहिलं होतं. हे दारातून आत आले की मी आधी वास घ्यायची. पाणी देण्याच्या निमित्ताने जवळ जायची. यांना ते कळायचं, तरी हे तांब्या घेऊन पाणी प्यायचे. विहिरीच्या त्या प्रसंगानंतर एका संध्याकाळी मी तांब्या घेऊन उभी होते आणि माझ्या लक्षात आलं की मीही सगळी राखण माझ्याच बळावर करते आहे. मी तांब्या ओट्यावर ठेवला आणि चुलीकडे वळले. प्रभू, हा माणूस तुझा आहे, तूच राख, असं मनात म्हटलं. त्या दिवसापासून मी वास घेतला नाही. सोपवून देणं म्हणजे हात झटकणं नव्हे, हे मी तेव्हा शिकले. ज्याच्या हातात खरंच बळ आहे त्याला दोर देणं, एवढंच ते असतं.

आता रविवारी प्रार्थना आटोपली की आमच्या ओसरीवर कोणी ना कोणी येऊन बसतो. परवा रोहिणखेडकडचा एक गवंडी आला होता. मान खाली, हात मांडीखाली दाबून ठेवलेले. यांनी त्याला ना बायबल वाचून दाखवलं, ना शपथ घातली. जवळ सरकून बसले आणि विचारलं, "पेतं काऊन, ते सांग पह्यले. घाई नाही." आणि आत वळून मला म्हणाले, "अवं, चहा ठेव."

मी चहा ठेवला. यांचा आवाज आत ऐकू येत होता, तो रूथबाईंसारखाच संथ झाला आहे. माझी छाती अभिमानाने भरून आली, आणि त्या नादात चहात गूळ जरा जास्तच पडला. गवंड्याने तो दोन्ही हातांनी कप धरून शेवटपर्यंत प्यायला.