आराकडे पाठ

मार्गशीर्षात जानेफळजवळच्या आमच्या शेतात रोडग्यांचं जेवण असतं. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या आरावर, रसरशीत निखाऱ्यांवर भाजायचे, गरम राखेत गाडायचे आणि तुपात कुस्करून वांग्याच्या भाजीशी खायचे. भाजी कोणीही करतं. आर मात्र मोठेबाबांचा, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाचा. त्यांच्या गुडघ्यांनी संप पुकारल्यापासून तो माझ्याकडे यावा अशी माझी फार इच्छा होती.

मी शाळामास्तर. पोरांना दिवसातून दहा वेळा सांगतो, घाई करू नका. पण रोडगे राखेत गेले की माझेच हात शिवशिवतात. आर सांभाळायच्या पहिल्या वर्षी मी मोठेबाबांच्या लांब चिमट्याने एक उकरून पाहिला. मग शेजारचा. मग म्हटलं, बाकीच्यांनी काय घोडं मारलंय? राख थंडावली आणि पाहुण्यांनी वरून खमंग, आतून कच्ची कणीक खाल्ली. दुसऱ्या वर्षीही तेच झालं, फक्त पाहुणे कमी आले.

"काऊन बे मास्तर," मोठेबाबा म्हणाले, "निजलेल्या लेकराले घडीघडी उठवशीन तं ते झोपन काय?"

मला खरंच लाज वाटली. यंदा बिघडलं तर आर धाकट्या चुलतभावाकडे जाणार होता, आणि तो मोबाइलवर गजर लावून रोडगे भाजणार होता.

रोडगे गाडले की मोठेबाबा आराकडे पाठ करून धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसत. मला तो मुरलेल्या माणसाचा तोरा वाटायचा. यंदा त्यांनी मलाही तसंच शेजारी बसवलं. समोर तुरीचं शेत, आणि जीव सगळा मागे. मी दोनदा चोरून मान वळवली. तिसऱ्यांदा वळवली, तर तेही मान वळवून आराकडेच पाहत होते.

"मले बी नाही राहवत," ते हळूच म्हणाले. "इतके वर्सं झाले तरी. म्हणून तं पाठ करून बसतो."

मला इतकं हलकं वाटलं की आम्ही दोघं गप्पांत रंगलो, आणि आराची आठवण झाली ती करपल्याच्या वासाने. निम्मे रोडगे काळे ठिक्कर. मोठेबाबांनी त्यातलाच एक फोडला, जळकी साल काढली, आत बोट घालून पाहिलं आणि तुपात बुडवून खाल्ला.

"कच्चा नाही," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी जरा लवकर उठजो."

आणि लांब चिमटा त्यांनी माझ्याकडेच राहू दिला.